सात नंबरच्या खोलीचं शून्य

कोंडिराम वाठोऱ्यांनी आयुष्यात एकही पत्र अनुत्तरित ठेवलं नव्हतं. लग्नपत्रिका आली की ते पोच लिहीत, विमा कंपनीच्या छापील सूचनेलाही आभाराचं कार्ड टाकत, आणि एकदा तर चुकून त्यांच्या पत्त्यावर आलेल्या भलत्याच वाठोऱ्यांच्या पत्राला त्यांनी 'मी ते वाठोरे नाही याचं मला वाईट वाटतं' असं दोन पानी उत्तर पाठवलं होतं. अशा माणसाच्या टेबलावर, चष्म्याच्या डबीखाली, विनिता पाटकरचं पत्र एकोणीस दिवस पडून होतं. रोज सकाळी डबी उचलली की पत्र दिसे. कोंडिराम चष्मा लावत, पत्र पुन्हा वाचत, आणि डबी पुन्हा त्याच्यावर इतक्या हलक्या हाताने ठेवत की जणू खाली कुणी झोपलं आहे.

पत्र लहान होतं. 'आदरणीय वाठोरे काका, तुमच्या निवासातल्या हाक-घंटीची पाहणी करताना तुमची फार मदत झाली. एक शंका राहिली आहे. प्रश्नावलीत तुम्ही लिहिलंत की घंटीमुळे मोठा आधार वाटतो. पण पाच महिन्यांत तुमच्या सात नंबरच्या खोलीचा आकडा शून्य आहे. यंत्र बिघडलं होतं का? की गरज पडली नाही? की दुसरंच काही? जे असेल ते मोकळेपणी लिहा. माझा अहवाल महिनाअखेर ट्रस्टकडे जाईल, आणि आयांच्या फेऱ्या चालू ठेवायच्या की बंद करायच्या हे त्यावरून ठरेल.'

यात न समजण्यासारखं काही नव्हतं. अवघड होतं ते तेवढंच.

हा वृद्धनिवास वरसाव्याला, घोडबंदर रस्त्यापासून थोडा आत, खाडीच्या अंगाला होता. बावीस खोल्या, बावीस म्हातारी माणसं, दोन आया आणि एक व्यवस्थापक. कोंडिरामांची मुलगी संघप्रिया मीरा रोडच्या शांती नगरात राहायची. पत्नी वैजयंताबाई गेल्यावर तिने वडिलांना घरी नेलं होतं, पण तिच्या दीड खोलीत आपल्यामुळे नातवंडांना अभ्यासाला कोपरा उरत नाही, असं कोंडिरामांनी स्वतःच ठरवलं आणि स्वतःच निवासाचा फॉर्म भरला. मुलगी रडली. त्यांना त्रास द्यायचा नव्हता, आणि त्यासाठी त्यांनी सगळ्या घराला पंधरा दिवस त्रास दिला.

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये एका कंपनीने ट्रस्टला ही घंटी चाचणीसाठी दिली. काडेपेटीएवढी पांढरी डबी, मधोमध लाल बटण, गळ्यात घालायला गोफ. बटण दाबलं की आयांच्या खोलीतल्या फळ्यावर आपल्या खोलीचा दिवा लागे, टिंगटाँग होई, आणि दिव्याखालचा आकडा विजेच्या मीटरसारखा एकाने पुढे सरके. सगळ्यांना ओळीत बसवून डब्या घातल्या, तेव्हा तीन नंबरच्या खोलीतले धर्माशेठ भोईर म्हणाले, "आता दावनीला बांधायचं तेवढं ऱ्हायलंय."

धर्माशेठ मूळचे भाईंदरचे. एके काळी त्यांच्या घरची मिठागरं होती आणि पन्नास-साठ माणसं त्यांच्या एका हाकेवर उभी राहत. मिठागरं गेली, हाक तेवढी राहिली. घंटी सगळ्यात आधी त्यांच्याच अंगवळणी पडली. पंखा कमी कर म्हणून एकदा, पंखा वाढव म्हणून एकदा, खाली कुणाची रिक्षा आली ते बघ म्हणून एकदा. पाच महिन्यांत त्यांच्या खोलीचा आकडा सहाशे अकरावर गेला. बाकीच्या एकवीस खोल्यांचे मिळून एकोणपन्नास. व्यवस्थापक पंढरीनाथ यांनी बेरीज करून बाविसांनी भागलं आणि ट्रस्टला कळवलं, की दर माणशी तीस वेळा वापर झाला, म्हणजे यंत्र छान रुळलं आहे.

इथवर जे झालं त्यात कोंडिरामांचा दोष नव्हता. त्यांचा दोष ऑक्टोबरात सुरू झाला.

ट्रस्टने पाहणीसाठी नेमलेली विनिता बावीस प्रश्नावल्या घेऊन आली. पंचविशीची पोर, खांद्याला झोळी, दर वाक्याला 'बरोबर ना?' विचारणारी. मंडळींना कागद बघून धडकी भरली. "लायब्ररीवाले लिहितील," असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. कोंडिरामांनी मुंबईच्या एका मोठ्या ग्रंथालयात छत्तीस वर्षं काढली होती, तेव्हा ते ग्रंथपाल असणार हे मंडळींनी गृहीत धरलं होतं. कोंडिरामांनी तसं कधी सांगितलं नव्हतं. नाही म्हणूनही सांगितलं नव्हतं.

नऊ नंबरच्या हंसाबेन म्हणाल्या, "वाठोरेभाई, तुम ही लिखो ने. छोकरी ने इतनी मेहनत की है. अच्छा लिखना, हां."

"पण तुम्ही ती गळ्यात घालतच नाही, बेन."

"चुभता है तो क्या करूं? ठाकोरजी के पास रखा है. संभाल के ही रखा है ना?"

भेट म्हणून आलेल्या वस्तूला नाव ठेवायचं नसतं, हे कोंडिरामांना लहानपणापासून ठाऊक होतं. ग्रंथालयाच्या अभिप्राय-वहीतही त्यांनी छत्तीस वर्षांत कुणी 'पुस्तकांवर धूळ आहे' असं लिहिलेलं पाहिलं नव्हतं, आणि धूळ तर चांगली बोटभर होती. तेव्हा स्वतःचा धरून सतरा कागद त्यांनी त्याच रीतीने भरले. तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण तेच वाक्य सतरा वेळा वाचून त्या मुलीला कंटाळा येईल, म्हणून त्यांनी प्रत्येक कागदावर वेगळी वाक्यरचना योजली. एकाला 'मोठा आधार वाटतो', एकाला 'एकटेपणाची भीती ओसरली', हंसाबेनना 'जणू कुणी सतत जवळ आहे'. तीन दिवस ते इतके रमले होते की जेवायला उशिरा येत. सतरा माणसांची सतरा स्वतंत्र मतं तयार झाली, आणि त्यांतलं एकही कुणाचं नव्हतं.

आता विनिता विचारत होती, खरं काय.

उत्तराचे मसुदे झाले नाहीत असं नव्हे. पहिला मसुदा घंटेच्या उगमापासून सुरू झाला आणि चौथ्या पानावरही वरसाव्याला पोचला नाही. दुसऱ्यात त्यांनी इतकी क्षमा मागितली, की वाचणाऱ्याला वाटावं यांनी कुणाचा तरी जीव घेतला आहे. तिसऱ्यात फक्त 'प्रकृतीच्या कारणास्तव' एवढेच शब्द होते. ते त्यांना फार आवडले, पण त्यांच्यापुढे काय लिहायचं ते सुचेना.

महिना संपायला सहा दिवस उरले. दुपारच्या जेवणाला पंढरीनाथ उभे राहिले. "मंडळी, एक आनंदाची गोष्ट. घंटीचं काम एकदम झकास चाललंय. म्हणून ट्रस्टचा विचार आहे की डिसेंबरपासून फेऱ्या बंद कराव्यात. उगाच दर दोन तासांनी दार वाजवून कुणाची झोपमोड नको. ज्याला गरज असेल त्याने बटण दाबायचं. एक आया पुरेल. चंपाबाईंना मोकळं करू. फक्त पाटकर मॅडमचा अहवाल यायचाय. आणि वाठोरे साहेब, तुमचा कागद तर मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवला बरं का!"

चंपा तिथेच वरण वाढत होती. वरसावे गावातली, पंचेचाळिशीची, घरात एकटी कमावती. दर दोन तासांनी दार उघडून 'काय हाय का?' विचारणारी ती हीच. तिचा डाव हातात तसाच राहिला.

कोंडिरामांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की त्यांनी नेमकं कुठलं वाक्य वाचून दाखवलं असेल. दुसरा विचार येईपर्यंत पहिल्या विचाराने त्यांचे कान तापले होते. चंपाने त्यांच्या पानात वरण वाढलं. 'आजून देऊ का?' हे मात्र तिने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी कोंडिराम न्हाणीघरात पाय घसरून पडले.

पडले म्हणजे बसले. उजवा पाय अंगाखाली मुडपला, पाठ बादलीला टेकली, आणि उठायचा पहिला प्रयत्न फसल्यावर दुसरा करायची त्यांची हिंमत झाली नाही. घोटा ठणकू लागला. गळ्यातली पांढरी डबी बरोबर छातीवर होती, लाल बटण वर. पाच महिने कंपनीचे लोक ज्या प्रसंगाची वाट बघत होते, तो प्रसंग चालून आला होता.

कोंडिरामांनी विचार केला, की बटण दाबलं तर चंपा धावत येईल, आणि धावत येण्याइतकं काही झालेलं नाही. मग विचार केला, की तिची चहाची वेळ आहे. मग ठरवलं, की चार वाजता ती फेरीला येईलच, पन्नास मिनिटांचा तर प्रश्न. तोवर तिला काय म्हणायचं ते तयार करावं. 'चंपाबाई, सवड असेल तर जरा हात देता का?' यातला 'जरा' आधी घ्यावा की नंतर, यावर बराच वेळ गेला. धोतर भिजून पायाला चिकटलं. मग त्यांच्या ध्यानात आलं, की पुढच्या आठवड्यात चार वाजता कुणी येणारच नाही. तेव्हा अंगठा बटणावर गेला. तिथेच राहिला. जुलैत ताप भरला होता तेव्हाही असाच तासभर राहिला होता. अंगठ्याला घाम सुटला, पण अंगठा खाली गेला नाही.

चार वाजता दार वाजलं. "काय हाय का?"

"चंपाबाई," कोंडिराम आतून म्हणाले, आणि पाठ केलेलं सगळं वाक्य विसरले. "मी इकडे."

"आगं बाय! काका! कवापासून बसलाव?"

"फार नाही. तीन दहापासून."

"तीन धा? आन् गल्ल्यात काय हाय ते? लॉकेट?"

"म्हटलं, तुमचा चहा चालला असेल."

"माजा चा!" चंपाने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उचललं. "उद्या काय झालं आसतं तर काय लिवलं आसतं कागदाव? 'चाच्या टायमाला गेले'? लय चांगलं लिवता तुमी, जमलं आसतं."

तिने त्यांना खाटेवर बसवलं, कोरडं धोतर दिलं, बाहेर जाऊन आंबेहळद उगाळून आणली आणि घोट्याला लेप लावू लागली. कोंडिराम तिच्या भांगाकडे बघत होते. एखाद्याच्या तोंडाकडे न बघता बोलणं त्यांना नेहमी सोपं जाई.

"चंपाबाई, मी ग्रंथपाल नव्हतो."

"मंग?"

"शिपाई होतो. छत्तीसातली बावीस वर्षं. नंतर परीक्षा देऊन कारकून झालो. साहेबांच्या दाराबाहेर स्टूल होतं, तिथे बसून पुस्तकं वाचायचो. साहेबांच्या टेबलावर पितळी घंटी. ती वाजली की पान अर्धं सोडून उठायचं. खिडकी लाव, खिडकी उघड, फाईल ने. साहेब वाईट नव्हते, पण बावीस वर्षांत एकही धडा एका बैठकीत संपला नाही. आता मी बटण दाबायचं, आणि तिकडे तुमच्या हातातला चहा खाली ठेवून तुम्ही उठायचं. नाही होत माझ्याच्याने."

चंपाने लेपाचा शेवटचा हात फिरवला. "मना घंटीचं वाईट न्हाय वाटत, काका. काम हाय ते माजं. पन तुमी न वाजवता तसंच मेलाव तर मना लय वाईट वाटंल." तिने हात पुसले. "आन् ह्ये मना सांगून काय उपेग? जिनं इचारलंय तिला लिवा की."

"कुणी विचारलंय?"

"डबीखालची चिठ्ठी. टेबल मीच झाडतंय ना रोज. सातवी पास हाय मी."

कोंडिरामांना पुन्हा न्हाणीघरात जाऊन बसावंसं वाटलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? एकोणीस दिवस? तुमची नोकरी त्याच्यावर... मग मला बोलला का नाहीत?"

"तुमाला कशाला तरास," चंपा म्हणाली.

चंपाच आधी हसली, आणि कोंडिरामांनाही हसू आलं, पण त्यांचं हसू लगेच विरलं. त्यांनी चष्म्याची डबी बाजूला केली आणि कोरा कागद ओढला.

तेवढ्यात धर्माशेठ काठी आपटत दारात उभे. "आरं लायब्ररी, पडलास म्हनं? घंटी न्हाय वाजवलीस? मना सांगायचं ना, मी माज्याच घंटीनं वाजवली आसती."

"धर्माशेठ, तुमच्या सहाशे अकराबद्दल मला लिहावं लागेल. राग येणार नाही ना?"

"काय लिवनार?"

"की भागाकारात सगळ्यांच्या वाट्याला तुमच्याच घंट्या आल्या."

धर्माशेठ खुर्चीत टेकले. त्यांनी काठीची मूठ दोनदा फिरवली. "लिव. पन पंख्यासाठी वाजवतो आसं नको लिवू. पंख्याचं बटन माज्या हाताशी हाय. पूर्वी हाक मारली की मानसं यायची. आता कुनी येतं का न्हाय, तेवढं बघतो मी. येतं कुनीतरी. मंग काय सांगायचं ते सुचत न्हाय, म्हनून पंखा."

कोंडिरामांनी ते वाक्य जसंच्या तसं उतरून घेतलं. सुधारायला त्यात काही नव्हतं.

संध्याकाळी चंपाच्या खांद्यावर हात ठेवून ते उरलेल्या सोळा खोल्यांत लंगडत गेले. प्रत्येक दारात त्यांनी एकच विचारलं, 'तुमच्या नावाने मी खोटं लिहिलं, आता खरं काय लिहू?' हंसाबेन म्हणाल्या, "सच लिखना है? तो पहले बोलना था ने! लिखो, मुझे घंटी नहीं, चंपा चाहिए. वो पूछती है तब मेरे को याद आता है कि कहां दुखता है." बारा नंबरच्या अंबिकाताई म्हणाल्या, की सकाळपासूनची एकेक तक्रार त्या फेरीसाठी साठवून ठेवतात, आणि एवढ्याशा तक्रारीसाठी घंटी वाजवली तर लोक काय म्हणतील. कुणाला बटण चुकून दाबलं जाण्याची भीती होती, कुणी डबी नवी राहावी म्हणून पेटीत ठेवली होती. रागावलं कुणीच नाही. त्याचं कोंडिरामांना फारच वाईट वाटलं, कारण लोकांचा राग ऐकून घ्यायची त्यांनी चांगली तयारी केली होती.

पत्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पूर्ण झालं. दीड पान. त्यांच्या मानाने ते तार केल्यासारखं होतं.

'चि. विनिता, यंत्र बिघडलेलं नाही. गरज पडली नाही असंही नाही. काल मी पन्नास मिनिटं न्हाणीघराच्या फरशीवर बसून होतो, यंत्र गळ्यात होतं आणि मी ते वाजवलं नाही. मी बावीस वर्षं शिपाई होतो. घंटीच्या त्या टोकाला बसलेला माणूस या टोकाला आला, म्हणून त्याचा हात लगेच वळत नाही. तुझ्या सतरा कागदांवरची भाषा माझी आहे, मतं कुणाचीच नाहीत. मी सोडून उरलेल्या सोळा माणसांना मी काल पुन्हा विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते खोलीवार सोबत जोडलं आहे. कृपा करून सरासरी काढू नकोस. ज्यांनी जन्मभर दुसऱ्याला हाक मारली त्यांना घंटी उपयोगी आहे. ज्यांना जन्मभर दुसऱ्यांनी हाक मारली, त्यांना कुणीतरी येऊन विचारावं लागतं. आमच्यात पहिल्या प्रकारची दोन-तीन माणसं आहेत. घंटी राहू दे. फेऱ्या बंद करू नयेत, एवढं स्पष्ट लिही. माझं नाव आणि माझी नोकरी, दोन्ही अहवालात घातलीस तरी चालेल.'

शेवटचं वाक्य त्यांनी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा लिहिलं.

निवासाचं टपाल शनिवारी जायचं, म्हणजे पत्र महिना उलटल्यावर पोचलं असतं. शिवाय ते पंढरीनाथांच्या टेबलावरून जायचं. तेव्हा काशिमिऱ्याच्या नाक्यावरच्या पेटीत स्वतःच टाकायचं ठरलं. कोंडिराम म्हणाले, मी चालत जाईन. धर्माशेठनी त्यांच्या सुजलेल्या घोट्याकडे बघितलं आणि फाटकातून घोडबंदर रस्त्याच्या दिशेने अशी हाक दिली, की दोन रिक्षा एकदम थांबल्या.

"किधर जाना है, शेठ?"

"नाक्यापे. पोस्ट का डब्बा. जल्दी नको, धीरे चला. इनका पाय मोडेला हाय आन् दिल भी कच्चा हाय."

धर्माशेठही रिक्षात शेजारी बसले. रस्ताभर कोंडिरामांनी लिफाफा सदऱ्याच्या आत धरला होता. गाडी खड्ड्यात आदळली की ते तो चाचपून बघत. पाच मिनिटांच्या वाटेत त्यांना तीनदा वाटलं की परत फिरावं, आणि एकदा वाटलं की ट्रस्टी हसतील. मग वाटलं, हसू देत, निदान या वेळी ते ज्या वाक्याला हसतील ते खरं असेल.

नाक्यावर पेटीपुढे पोस्टमन उकिडवा बसून खालचं दार उघडत होता. कोंडिरामांनी वरच्या फटीतून लिफाफा आत सोडला. तो पडला तो सरळ पोस्टमनच्या पिशवीत.

आणि तेवढ्यात त्यांचा चेहरा पडला. "अहो, अहो, ते एक मिनिट परत देता का? आत्ता टाकलेलं. एक ओळ लिहायची राहिली."

"नाय काका. पिशवीत पडलं ना, आता ज्याच्या नावावर आहे त्याचं. तुमचं पण नाय आणि माझं पण नाय."

"काय ऱ्हायलं रं?" धर्माशेठनी विचारलं. "महत्त्वाचं?"

कोंडिराम धर्माशेठच्या काठीवर रेलून उभे होते. "विलंबाबद्दल क्षमस्व," ते म्हणाले. "तेच लिहायचं राहिलं."

धर्माशेठना ठसका लागेपर्यंत हसू आलं. पोस्टमनने पिशवीचं तोंड आवळलं, पेटीला कुलूप घातलं, पिशवी सायकलला अडकवली आणि मीरा रोडच्या बाजूला पेडल मारलं. कोंडिरामांनी एक हात थोडासा वर केला, थांबा म्हणायला की निरोप द्यायला हे त्यांचं त्यांनाच ठरवता आलं नाही. सायकल ट्रकांच्या मागे दिसेनाशी झाली.